‘ग्वायलो’ शिवी आहे का? आणि हाँगकाँगमध्ये आपल्याला काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी हाँगकाँगला जाताय, तिथे ‘ग्वायलो’ ऐकू आलं तर राग धरायचा का. ऐकू येईल, पण ते तुमच्यासाठी नसेल. तो शब्द गोऱ्यांसाठी. ‘ग्वाय’ म्हणजे भूत, ‘लो’ म्हणजे बाप्या. मूळ अर्थ तुच्छतेचाच, पण आता गोरे स्वतःच तो मिरवतात, त्या नावाची बिअरसुद्धा मिळते. 2022 मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने एका गोऱ्या कर्मचाऱ्याचा दावा फेटाळताना हा शब्द दरवेळी अपमानकारक नसतो, असं म्हटलं.

आपल्यासाठीचा शब्द ‘आ-चा’. ब्रिटिशांनी पंजाबातून शीख शिपाई आणले, पोलिसांना तिथल्या कँटोनीज या चिनी बोलीत ‘चाय-यान’ म्हणतात, त्यावरून तो आला असं बरेच जण सांगतात. काही जण आपल्या ‘अच्छा’कडे बोट दाखवतात. जुनं, लांबलचक रूप ‘मो-लो-चा’. जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘अप्पर लॅस्कर रो’ या रस्त्याचं चिनी नावही ‘मो-लो’वरूनच पडलंय. म्हातारी माणसं ‘आ-चा’ सहज बोलून जातात, त्यांच्या मनात काही नसतंही. पण या नावाची बिअर कुणी काढलेली नाही! ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा होता त्याला भूत म्हटलेलं पचतं. पहारेकऱ्याला, हमालाला चिकटलेलं नाव पचत नाही. फिलिपिनो मोलकरणींना ‘बान-मुई’ म्हणतात तेही याच जातीतलं. तुम्ही मात्र ‘चे-चे’, म्हणजे ताई, म्हणा.

सगळ्यात कडवट शब्द मात्र चिनी माणसांनी चिनी माणसांसाठीच राखून ठेवलेत. 1979 च्या एका टीव्ही मालिकेत मुख्य भूमीवरून, म्हणजे हाँगकाँगबाहेरच्या चीनमधून आलेला, पैजेवर हॅम्बर्गर हादडणारा आ-चान नावाचा गावंढळ तरुण होता. त्याचं नाव तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला चिकटलं. पुढे चीनमध्ये पैसा आला आणि गावंढळ हाँगकाँगकरालाच ‘कोंग-चान’, म्हणजे हाँगकाँगचा चान, म्हणू लागले. 2012 मध्ये तर मुख्य भूमीवरच्या लोकांना टोळ ठरवणारी पानभर जाहिरात वर्तमानपत्रात छापून आली होती.

हे शब्द कळण्याची तुम्हाला खरी गरज पडेल ती घर शोधताना. एजंट मालकाशी फोनवर बोलताना ‘आ-चा’ म्हणाला, की बहुधा नकारच येतो. वंशभेदाविरुद्धचा 2008 चा कायदा घरभाड्यालाही लागू आहे, तक्रार समान संधी आयोगाकडे करता येते. ऑफिसने घर दिलं तर मुकाट्याने घ्या.