‘गुलाबो सिताबो’मध्ये हसायचं नेमकं कुठे?

तुम्ही लिहिलंय की विनोदी सिनेमा म्हणून ‘गुलाबो सिताबो’ लावला आणि पाऊण तासात डोळे मिटले. मग लोक त्याचं एवढं कौतुक का करतात, यात हसायचं कुठे? तुम्ही कधी भाड्याच्या वाड्यात राहिलाय का? राहिला असाल तर पहिल्या पाच मिनिटांत हसू येतं. नसाल तर झोप येणं साहजिक आहे, तुमचं काही चुकलं नाही.

आम्ही सोलापुरात उत्तर कसब्यातल्या एका वाड्यात भाडेकरू होतो, आजोबा मिलमध्ये कामाला होते तेव्हापासून. भाडं २२ रुपये. ढाळजेतून, म्हणजे दाराजवळच्या बैठकीच्या जागेतून, आत गेलं की चौक, तीन बाजूंना सोपे म्हणजे ओसऱ्या, मागे सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन संडास, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवद गळायला लागलं की मालक माती टाकायचे नाहीत, आणि आम्ही टाकली तर ‘कुणाला विचारून टाकलाव?’ म्हणून भांडायला यायचे.

सिनेमा लखनौतल्या एका जुन्या हवेलीतला. त्यात मिर्झा, म्हणजे अमिताभ, भाडेकरूंचे बल्ब चोरून बाजारात विकतो. लोकांना ही अतिशयोक्ती वाटते. आमच्या ढाळजेत बल्बचा होल्डर होता, बल्ब नव्हता. मालक तिघे भाऊ, वाटणी झालेली नाही, त्यामुळे ढाळजेतला बल्ब कुणाच्या मीटरवर हा प्रश्न मी शाळेत जायच्या आधीपासून पडून होता. रात्री संडासला जायचं तर अण्णा, माझे वडील, घरातला बल्ब काढून ढाळजेत लावायचे आणि परत येताना रुमालात धरून काढून आणायचे, कारण तोवर तो तापलेला असायचा. एकदा गडबडीत तिथेच राहिला. सकाळी होल्डर रिकामा. ‘बल्ब कोण काढलाय बे?’ असं अण्णा चौकात उभं राहून ओरडले आणि तिन्ही भावांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

पण सगळ्यात मोठी गंमत भाड्याची. सिनेमातला बांके (आयुष्मान खुराना, पिठाची गिरणी चालवणारा) महिन्याला ३० रुपये देतो आणि तेही बुडवतो, मिर्झा त्याच्या मागे लागतो. आमच्याकडे उलटं होतं. मालकांनी भाडं घ्यायचंच बंद केलं, म्हणजे उद्या ‘भाडं थकवलं’ असा दावा लावायला मोकळे. वकिलांनी अण्णांना सांगितलं, दर महिन्याला मनीऑर्डर करत जा. मग अण्णा पोस्टात जाऊन २२ रुपये भरायचे, वर कमिशन. चार दिवसांनी पोस्टमन वाड्यात यायचा, चौक ओलांडून मालकांच्या सोप्यावर जायचा, ते ‘नाही घेत’ म्हणायचे. आणखी काही दिवसांनी तोच पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारलेली मनीऑर्डर घेऊन तोच चौक ओलांडून आमच्याकडे. देणारा आणि घेणारा यांच्यात वीस पावलं. त्या पावत्या आईने पत्र्याच्या पेटीत लग्नातल्या शालूखाली ठेवल्या होत्या.

कायदा लखनौचा वेगळा, आपला वेगळा. आपल्याकडे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मागता येते. २२ रुपयांवर चार टक्के म्हणजे ८८ पैसे. आज मला मालकांचीही कीव येते, तेव्हा येत नव्हती. पुढे आम्ही जुळे सोलापूरला राहायला गेलो, तरी अण्णा दर रविवारी वाड्यात जायचे. खोली सहा महिने बंद दिसली की मालकाला दावा लावता येतो, म्हणून कुलूप काढून, स्टोव्ह पेटवून चहा करून प्यायचे. साखर संपली की मालकांच्या धाकट्या भावाकडूनच मागून आणायचे.

आता सिनेमा. दिग्दर्शक शूजित सरकार, लेखिका जुही चतुर्वेदी. थिएटरं बंद असताना १२ जून २०२० ला तो थेट प्राइमवर आला, त्यामुळे सगळ्यांनी घरी, मोबाइल खेळवत पाहिला आणि ‘संथ आहे’ म्हणाले. संथ आहेच. मधला वकिलांचा भाग मलाही लांबलेला वाटतो, आणि अमिताभचं ते चिकटवलेलं नाक मला शेवटपर्यंत सवयीचं झालं नाही. पण नावातच सगळं आहे. गुलाबो-सिताबो म्हणजे उत्तर प्रदेशातल्या हातात घालून नाचवायच्या दोन बाहुल्या, सवती भांडाव्यात तशा भांडणाऱ्या. मिर्झा आणि बांके तसेच भांडतात, आणि हवेली दोघांचीही नाही. ती बेगमची. बेगम ९५ वर्षांची, मिर्झा तिचा नवरा, सतरा वर्षांनी लहान, ती कधी जाते याची वाट बघत बसलेला. बेगमचं काम करणाऱ्या फारुख जाफर यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा भांडणं सोडा, ती खाटेवर बसून काय काय ऐकते तेवढं बघा.

विजय राजचा पुरातत्त्व खात्यातला शुक्ला आपल्या सोलापूरच्या किल्ल्याजवळ राहणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर परवानगी लागते. वास्तू जपायला नियम हवाच, पण गच्चीवर एक खोली चढवायची तर माणूस कागद घेऊन फिरत बसतो.

बांके लाथ मारून सामाईक संडासाची भिंत पाडतो, तिथे आई माझ्या शेजारी बसली होती. मी हसत होतो. ती एकदम गंभीर झाली. ‘गेलं,’ म्हणाली. ‘आता मालक बांधायचा नाही, आणि ह्यानं बांधली तर नोटीस येणार.’ पुढे ती भिंत कुणी बांधायची यावरच किती वेळ जातो ते तुम्ही पाहिलं नसेल, तुम्ही झोपला होता.

शेवट सांगत नाही. फक्त एक खुर्ची येते, तिची किंमत ऐकेपर्यंत उठू नका. आई ती ऐकून पेटीकडे बघायला लागली होती. पेटीत पावत्याच होत्या.