हिरवी बुरशी दिसली? आधी जागा सांगा

प्रश्न : धिंगरी अळंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, मी घरीच करते. ज्वारी उकडून सलाईनच्या काचेच्या बाटल्यांत भरते आणि कुकरमध्ये आठ शिट्ट्या देते. उन्हाळ्यात निम्म्या बाटल्या तरी चांगल्या निघतात. जूनपासून मात्र सगळ्या हिरव्या पडतात. खोलीत स्पिरिट फवारून आणि मास्क लावूनही फरक नाही. आणखी कोणतं औषध मारू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, औषधाचं राहू द्या. हिरवं बाटलीत नेमकं कुठे दिसलं आणि कितव्या दिवशी, ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि मला तेवढंच हवं होतं. आमच्या स्पॉनच्या खोलीत बिघडलेली बाटली उजेडात धरून, फिरवून पाहिल्याशिवाय कुणी टाकत नाही. घाण कुठून शिरली ते बाटलीच सांगते.

दोन-तीन दिवसांतच दाणे चिकट झाले, तळाशी पाणी सुटलं, आंबूस वास आला, तर ते जिवाणूंचं काम. दाणे नीट निर्जंतुक झालेले नाहीत. तुमच्या कल्चरच्या, म्हणजे पेरलेल्या धिंगरीच्या जाळ्याच्या, तुकड्यापासून लांब, दाण्यांच्या मधोमध हिरवे ठिपके उठले, तरी संशय कुकरवरच. बाटलीच्या तोंडातल्या कापसाच्या बोळ्याच्या लगेच खाली कडं धरलं, तर बोळा ओला झाला होता किंवा थंड होताना बाटलीने बाहेरची हवा ओढली. आणि हिरवं तुकड्याभोवतीच फुटलं, तर कल्चर मुळात घाण होतं किंवा सुई नीट तापली नव्हती. या शेवटच्या दोन्ही गोष्टींत खोलीतल्या हवेचा थोडाफार हात असतो. पहिल्या दोन्हींत हवेला शिव्या देऊन उपयोग नाही.

तुमच्या आठ शिट्ट्या वाचून मला कुकरचाच संशय येतो. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. वरण शिजतं तेवढ्यात, पण दाण्यावर बसलेले बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू नुसत्या उकळीला दाद देत नाहीत. त्यांना १२१ अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे १५ पौंड दाब. पाव किलो दाण्यांच्या बाटलीच्या गाभ्यापर्यंत ती उष्णता पोचून टिकायला दीड तास धरा. तळाशी जाळी ठेवा आणि भरपूर पाणी घाला. आधी शिट्टी न लावता सात-आठ मिनिटं वाफ जोरात सुटू द्या, कारण आत कोंडलेली हवा राहिली तर दाब दिसतो पण तापमान चढत नाही. मग शिट्टी लावा, पहिली झाली की गॅस मंद करा आणि घड्याळ तिथून लावा. तीन लिटरच्या कुकरात दीड तास पाणी पुरत नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. त्यासाठी दहा-बारा लिटरचा कुकर हवा.

ज्वारी आदल्या रात्री भिजत घालता ना? घालत जा. भिजल्यावर बरेचसे बीजाणू रुजायला लागतात आणि रुजलेला जिवाणू उष्णतेला लवकर मरतो. जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये याच तत्त्वावर सलग काही दिवस रोज उकळण्याची पद्धत काढली. मोठा कुकर नसलेले काही जण अजून तसं करतात. जमतं, पण दाण्यांच्या बाबतीत मला त्याचा भरवसा नाही. उकडलेले दाणे कापडावर पसरून वरचं पाणी उडू द्या. मुठीत घेतले तर हात ओला होता कामा नये. भरण्याआधी थोडं जिप्सम चोळा, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

बोळा न शोषणाऱ्या कापसाचा, घट्ट, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टोपी, नाहीतर वाफेचे थेंब बोळ्यात मुरतात. कुकर रात्रभर तसाच राहू द्या. घाईने शिट्टी उचलणं, नळाखाली धरणं, काही नको.

हे सगळं चोख झालं की मग खोलीकडे वळा. कोकणातला पाऊस, चपलांनासुद्धा बुरशी चढते! काम पहाटे करा. खोली आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, त्या सकाळी झाडू अजिबात नको. पंखा अर्धा तास आधीच बंद. आणि स्वयंपाकघरातच करणार असाल तर कांद्याची टोपली बाहेर काढा. कांद्यावर जी काळी पूड दिसते ती अ‍ॅस्परजिलस बुरशीच असते.

प्रश्न : लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेल्या हवेचं कामाचं टेबल, परवडत नाही. अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, प्लेटा घरी करता येतील का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : येतील. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा घे, त्याच्या एका बाजूला हात जातील एवढी दोन भोकं पाड आणि तो आडवा ठेवून त्यात काम कर. आत वारा नाही, म्हणून बीजाणू खाली बसून राहतात. हात हळू हलवायचे. स्पिरिटने पुसायचं ते ७० टक्क्यांच्या. शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं, आणि पाणी सोबत असल्याशिवाय ते जंतूंच्या प्रथिनांवर नीट काम करत नाही. बीजाणू मात्र ७० टक्क्यांनीही मरत नाहीत, म्हणून ते पुसण्यापुरतंच. सुई डब्याच्या बाहेर लाल होईपर्यंत तापव. स्पिरिट फवारलेल्या डब्यात ज्योत नेलीस तर भडका उडेल.

अगारसाठी किराणा दुकानातलं साधं, बिनसाखरेचं चायना ग्रास चालतं. पाव लिटरला ५० ग्रॅम बटाट्याचं उकडलेलं पाणी, ५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, ५ ग्रॅम चायना ग्रास, आणि कुकरमध्ये दाब आल्यावर २० मिनिटं. प्रयोगशाळेत अगार आलं तेही स्वयंपाकघरातूनच. १८८१च्या सुमारास रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत वाल्थर हेस्से यांचं जिलेटीन उन्हाळ्यात वितळायचं. तेव्हा घरी जेली करणाऱ्या त्यांच्या पत्नी फॅनी यांनी अगार सुचवलं.

तुकडा घेताना कोवळी धिंगरी सुरीने कापू नकोस, हाताने उभी फाड. टोपी आणि देठ जुळतात तिथला आतला गर हवेला लागलेला नसतो, त्यातला तांदळाएवढा घे. पांढरं जाळं पसरलं की त्याच्या पुढच्या कडेचा तुकडा नव्या प्लेटमध्ये टाक. पहिल्या प्लेटवरून थेट बाटलीत जाऊ नकोस. ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशीही सुरुवातीला पांढरीच असते, तिचा रंग काही दिवसांनी कळतो.

प्रश्न : आमची हळद आहे. कंदकुजीसाठी शेणखतात ट्रायकोडर्मा कालवतो. त्याच शेडच्या कोपऱ्यात धिंगरीचे बेड (स्पॉन पेरलेल्या भुशाच्या पिशव्या) लावले तर चालेल? (एक शेतकरी, वसमत)

उत्तर : मुळीच नाही, दादा. हळदीत ती आपली राखणदार, कारण दुसऱ्या बुरश्यांवरच जगते. धिंगरीही बुरशीच. शेड वेगळी हवी, आणि खत कालवलेल्या कपड्यांनी बेडकडे फिरकूही नका.

भुसा तुम्ही १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मॅलिन घालून रात्रभर भिजवता, असंही लिहिलंय. मात्रा शिफारशीतलीच आहे, पण घरच्या बायका-पोरांनी फॉर्मॅलिनची वाफ श्वासात घ्यावी हे मला पटत नाही. ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवलेला भुसा पुरतो. भुसा दाण्यांसारखा पौष्टिक नसतो, म्हणून तो पूर्ण निर्जंतुक करायचीही गरज नाही. उष्णतेला टिकून राहिलेले काही जिवाणू उलट हिरव्या बुरशीला जागा देत नाहीत. नंतर निथळवा. मूठ दाबल्यावर थेंब गळला तर अजून ओला आहे.

प्रश्न : बेडमध्ये पिवळे थेंब दिसतात. फेकून देऊ का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नको. पांढरं जाळं दाट आणि वास मशरूमचा असेल, तर तो त्याचाच पाझर आहे. उन्हाचा तडाखा बसला की वाढतो. जागा थंड करा.

प्रश्न : हिरवा भाग कापून बाकीचं वापरलं तर? (दोन-तीन पत्रांतून)

उत्तर : बाटलीच्या बाबतीत नाही. हिरवा रंग दिसतो तेव्हा बीजाणू तयार झालेले असतात; बोळा काढलात की खोलीभर होतील. न उघडता तशीच कुकरमध्ये तासभर ठेवा, मग दाणे खताच्या खड्ड्यात टाका. बेडचा कोपरा हिरवा झाला असेल आणि बाकीचा पांढराशुभ्र असेल, तर तो बेड बाकीच्यांपासून लांब, उघड्यावर न्या. एखादा बहर मिळाला तर मिळाला. हे काम दिवसाच्या शेवटी करा, आणि मग अंघोळ केल्याशिवाय स्पॉनच्या खोलीत पाऊल टाकू नका.