दारातल्या रांगोळीत गव्हाण काढली तर चालते का?

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, सलाम. मी मूळची नगरची, लग्न होऊन इंदुरात आले त्याला आता नऊ वर्षं होतील. माहेरी नाताळला आई दारात रांगोळी काढायची, चांदणी, गव्हाण, दोन मेंढरं, आणि आम्ही भावंडं रंग भरायचो. मागच्या नाताळला मी इथे आमच्या चर्चच्या फाटकाशी तशीच काढली, पहाटे चारला उठून, तीन तास लागले. उपासनेच्या आधी मंडळीतले एक ज्येष्ठ काका आले, म्हणाले हे आपलं नाही, हे मूर्तिपूजेत जातं, आणि बादलीभर पाणी ओतलं. मी काहीच बोलले नाही. पण तेव्हापासून चर्चसाठी काही करायला हातच उचलत नाही, पोळ्या लाटताना ओव्या सुचतात त्यासुद्धा लिहून ठेवायचं सोडलंय. माझं चुकलं का?
— एक वाचक, इंदूर

ताई : तुमचं पत्र वाचलं तेव्हा आधी वाईट वाटलं, मग राग आला, म्हणून दोन दिवस थांबले आणि आता लिहितेय. तुमचं चुकलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि तोवर तुम्ही जीव टांगणीला लावून बसू नये.

"आपलं" काय आणि "आपलं नाही" काय, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला चारशे वर्षं विचारला जातोय. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आले आणि 1616 साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, जवळपास अकरा हजार ओव्या, ओव्याच बरं का, ज्या छंदात आपल्या आज्या जात्यावर बसून गायच्या तोच छंद. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती आणि ते ऐकणं सुटलं म्हणून त्यांचा जीव कासावीस व्हायचा, तर या परदेशी माणसाने त्यांना असं नाही म्हटलं की सोडा ते सगळं, त्याने बसून त्यांच्याच छंदात येशूची गोष्ट सांगितली. मग कवी ना. वा. टिळक. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्यांनी अभंग सोडले का? उलट अभंग लिहिले, कीर्तनं केली, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो असं ते उघड सांगायचे. आज आपण उपासनेत त्यांची गाणी म्हणतो तेव्हा कोणी बादली घेऊन उठत नाही ना?

आणि ओव्या सुचतात त्या पोळ्या लाटतानाच सुचणार हो, दुसऱ्या कधी सुचणार! टिळकांनी ख्रिस्तायन, म्हणजे येशूच्या चरित्राचं महाकाव्य, लिहायला घेतलं होतं, दहाएक अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. पुढचे 64 अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, जिचं आयुष्य चूल, माणसं, आजारपणं आणि दारी आलेली पोरकी पोरं यात गेलं, त्या बाईने. तेव्हा वही पोळपाटाशेजारी ठेवा, कणकेचे डाग पडले तर पडू द्या.

अजून एक, हे तर आपल्या इंदूरच्या जवळचं. सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या खेड्यांत काम करायच्या, गरिबांना सावकाराच्या कर्जातून सोडवायच्या, म्हणून 25 फेब्रुवारी 1995 ला त्यांना चालत्या बसमध्ये भोसकून मारलं. मारणारा इंदूरच्या तुरुंगात होता, तिथे सिस्टरची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, गेली आणि त्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. राखी! तिला क्षमा सांगायची होती आणि इथल्या माणसाला एका क्षणात कळेल अशी खूण तिला त्या धाग्यात सापडली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. तेव्हा राखी आपली नाही असं मला कोणी म्हणालं तर मी त्यांना ही गोष्ट सांगते आणि गप्प बसते.

आता त्या काकांबद्दल. पाणी ओतणं चूकच, तीन तासांच्या कष्टावर कोणाच्याही पाणी ओतू नये, आणि बोलायचं होतं तर उपासनेनंतर बाजूला घेऊन बोलता आलं असतं. पण मी अशी पुष्कळ म्हातारी माणसं पाहिलीत ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ख्रिस्ती झाल्यावर घराबाहेर काढलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, आणि मग त्या लोकांनी जुनं सगळं एका फटक्यात सोडलं, कारण थोडं ठेवलं असतं तर परत ओढले गेलो असतो अशी भीती होती. तुमच्यासाठी रांगोळी म्हणजे आईचे हात. काकांसाठी रांगोळी म्हणजे कदाचित ते दार, जे त्यांच्या माणसांच्या तोंडावर बंद झालं. बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय दोघांनी मिळून वाचा, तिथे प्रश्न नैवेद्याच्या अन्नाचा आहे पण भांडण अगदी तुमचंच आहे, खाणारा मोकळा आहे हे पौल मान्य करतो आणि तरी म्हणतो भावाला ठेच लागेल असं वागू नका. मला विचाराल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच काकांकडे जा, काहीतरी गोड घेऊन जा, आणि रांगोळीचा विषय तुम्ही काढू नका, त्यांच्या आजोबांची गोष्ट विचारा. पूर्ण ऐका. मग म्हणा, काका, या वर्षी मी माझ्या घराच्या दारात काढणारेय, तुमच्या नातीला रंग भरायला पाठवाल का? पाठवतील की नाही मी नाही सांगू शकत. नाही पाठवलं तरी तुमच्या दारातली रांगोळी काढाच, ती काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा आहे, विजयनगरला एका ऑफिसात डिझाइनचं काम करतो, पॅकेटवरची चित्रं, लोगो वगैरे. चर्चमध्ये ढोलक वाजवतो. आमच्या युवक संगतीत नेहमी सांगतात देवाने बोलावलं तर सगळं सोडून सेवेला जा. माझे दोन मित्र बायबल कॉलेजला गेले. मला तसं काही बोलावणं आलेलं नाही आणि मला चित्रंच काढायला आवडतात, मग माझं काम देवाच्या हिशेबात येतच नाही का?
— एक तरुण वाचक, इंदूर

ताई : येतं रे बाबा. बायबलमधल्या निर्गमचा 31वा अध्याय काढ. देव मोशेला सांगतो, बसालेलला मी माझ्या आत्म्याने परिपूर्ण केलंय, आणि कशासाठी? प्रवचन द्यायला नाही, सोनं-चांदी-पितळेचं काम करायला, रत्नं बसवायला, लाकडाचं कोरीव काम करायला. पुढे 35व्या अध्यायात त्याच्या आणि अहलियाबच्या मनात दुसऱ्यांना शिकवायची बुद्धीही घातली असं लिहिलंय, आणि तिथेच बायका आहेत ज्यांनी आपल्या हातांनी सूत कातून आणलं. दर्शनमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, असा उभा राहिला. आणि नासरेथचे लोक येशूला ओळखायचे ते सुतार म्हणूनच ना.

तुला अजून एक माणूस सांगते, अँजेलो द फोन्सेका, 1902 साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनला शिकले, आणि येशूच्या आईला, मरियेला, त्यांनी साडी नेसवली, गोऱ्या मडमेऐवजी आपल्याकडची बाई काढली. गोव्यात लोकांना ते रुचलं नाही, विरोध झाला, शेवटी ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले आणि वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिले. ते पाळक नव्हते, चित्रकार होते आणि शेवटपर्यंत चित्रकारच राहिले.

पण एक विचारू? पत्रात तू "माझं काम" लिहिलंयस, ते कोणाबरोबर करतोस हे एकदाही नाही लिहिलंस. बसालेलबरोबर अहलियाब होता. संडे स्कूलमध्ये आठ-दहा पोरं असतीलच, नोव्हेंबरच्या चार शनिवारी त्यांना घेऊन बस, बांबूच्या काड्या, खळ, पतंगाचा कागद, आणि चांदण्या बनवा, बाजारातली प्लॅस्टिकची चांदणी या वर्षी आणू नका. तुला इंदुरात हे कोणी वेगळं शिकवायला नको, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, मिरवणुकीतले ते देखावे, बघत वाढलायस तू, मिलची माणसं ड्यूटी करून महिनाभर रात्री जागून त्या कशा उभ्या करायची हे घरच्या मोठ्यांना विचार. पोरांच्या चांदण्या वाकड्या होतील, त्या तू रात्री बसून सरळ करायच्या नाहीस, वाकड्याच टांगायच्या. आणि पॅकेटवरच्या चित्राचं म्हणशील तर ते मन लावून काढ, गिऱ्हाईकाला फसवणारं काही छापायला सांगितलं तर नाही म्हण, एवढं केलंस की तेही देवाच्याच हिशेबात.

प्रश्न : आम्ही हिंदू, राजवाड्याजवळ राहतो, शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आलंय, फार चांगली माणसं. दिवाळीला मी फराळ पाठवला, नाताळला त्यांच्याकडून करंज्या-शंकरपाळ्या आल्या, मला वाटलं होतं केक येईल! गुड फ्रायडेला मी व्हॉट्सअॅपवर हॅपी गुड फ्रायडे पाठवलं तर नुसतं हात जोडलेलं चित्र आलं. काही चुकलं का?
— एक काकू, इंदूर

ताई : काकू, मनाने काहीच चुकलं नाही, फक्त शब्द चुकला. मराठीत त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात पण तो दिवस दुःखाचा, येशूला वधस्तंभावर खिळलं तो. दुपारी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरून त्याने उच्चारलेल्या सात वाक्यांवर, एकेकावर वेगळं कोणी बोलतं, बरेच जण उपास करतात. त्या दिवशी काही पाठवू नका, किंवा संध्याकाळी जाऊन पाच मिनिटं नुसतं बसा. रविवारी ईस्टर, तेव्हा भरभरून शुभेच्छा द्या.

करंज्या येणारच, ते मराठी घर आहे! नाताळच्या आधी चार बायका एका घरी जमतात, एक लाटते, एक सारण भरते, एक तळते, आणि गाणी चालू असतात, कॅरलची अर्धी प्रॅक्टिस तिथेच होते. केक कदाचित मुद्दाम पाठवला नसेल, त्यात अंडं असतं आणि तुम्हाला चालतं की नाही हे विचारायचा संकोच वाटला असेल. तुम्हीच विचारून टाका. आणि पुढच्या डिसेंबरला करंज्या करायला मीही येते म्हणा, बघा त्यांचा चेहरा कसा खुलतो.

प्रश्न : माझं वय 71. इंदुरात आमची मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठीत प्रार्थनासभा व्हायची, आता पाचसहा म्हातारेच येतो. चर्चची उपासना हिंदीत, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, उपासना संगीत या आमच्या मराठी गीतांच्या पुस्तकातली गाणी आमच्याबरोबर संपणार असं वाटतं. काय करावं?
— एक आजोबा, इंदूर

ताई : आजोबा, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

हिंदीवर राग धरू नका. 1877 ला कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन इंदुरात आलं, दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज निघालं, इथलं काम पहिल्यापासून हिंदीतच रुजलं आणि त्याच हिंदीत तुमच्या नातवंडांनी प्रार्थना करायला शिकलंय, ती प्रार्थना खरीच आहे. पण मराठी जावी असं मलाही नाही वाटत. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात मुलींनी-बायकांनी खिळे जुळवून छापलं. ज्यांना जगाने टाकून दिलं होतं त्या बायकांच्या हातून. एवढ्या कष्टाची भाषा आहे ती, सहज नाही सोडायची.

तर असं करा. नातवंडांना आधी वाचायला लावू नका, गायला लावा. मराठी वाचता येत नाही म्हणता पण हिंदी शाळेत जातात ना, मग देवनागरी येतेच, अडतो तो शब्द, अक्षर नाही. एक गाणं निवडा, एकच, मोबाइलवर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा, आवाज थरथरला तरी पुन्हा करू नका, आणि गाण्याआधी ते तुम्ही कुठे शिकलात, कोणी शिकवलं, कोणाच्या मयतीला म्हटलं होतं, ते दोन मिनिटं सांगा. चाली लिहून ठेवलेल्या नसतात, त्या तुमच्या गळ्यातच आहेत, म्हणून हे आत्ताच करायला हवं. दुसऱ्या महिन्यात दुसरं. सभेत बायबल हिंदीत वाचलं तरी चालेल, गाणं मात्र मराठी.

आणि सभा रविवारी दुपारी ठेवू नका, तेव्हा मुलांचे क्लास असतात, शनिवारी सकाळी ठेवा, पोहे-जलेबी सांगा, मुलं येतील. वर पत्र लिहिणारा ढोलकवाला मुलगा इंदूरचाच आहे, त्याची आणि तुमची परवानगी असेल तर मी तुमचा नंबर त्याला देते. पहिली ओव्यांवाली वाचक तयार असेल तर तिच्या दोन ओव्याही तुमच्या सभेत होऊन जाऊ देत. कळवा मला, तिघांनीही.