टीव्ही फुटला, आता पैसे कसे द्यायचे?

प्रश्न: मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते, मुलाने रिमोट फेकला आणि टीव्हीच्या स्क्रीनला हा मोठा तडा. ती म्हणतेय "अगं राहू दे, लहान आहे तो". खरंच राहू द्यायचं का?

उत्तर: अजिबात नाही हो ताई! "राहू दे" सगळेच म्हणतात, त्यावर जाऊ नका. आणि "किती देऊ" विचारूच नका, ती आकडा सांगणारच नाही. आपटून फुटलेला पॅनल सहसा वॉरंटीत बसत नाही आणि नवीन टाकायचा तर बऱ्याचदा जवळपास नव्या टीव्हीएवढा खर्च येतो, त्यामुळे आधी सर्व्हिस सेंटरवाल्याला बोलवून एस्टिमेट घ्या आणि पैसे थेट त्यालाच जीपे करा. टीव्ही फारच जुना असेल तर अर्धे दिले तरी चालतं, पण ते तुम्ही दोघींनीच ठरवा, नवरे मध्ये नकोत.