पहिल्या लढतीपूर्वी मनाची तयारी

मुष्टियुद्धाच्या पहिल्या लढतीपूर्वी तुमचे हात थंड पडतील, तोंडाला कोरड पडेल आणि पोटात गोळा येईल. हा भित्रेपणा नसून शरीर लढतीसाठी सज्ज होत असल्याची ती खूण आहे, हे आधीच समजून घ्या. खरी अडचण निराळी आहे. घाबरलेला नवखा मुष्टियोद्धा श्वास रोखून धरतो, खांदे आवळून घेतो आणि पहिल्याच फेरीत दमून जातो, म्हणून प्रत्येक ठोशाबरोबर श्वास बाहेर सोडण्याची सवय पंचिंग बॅगवरच्या सरावातच अंगी बाणवावी.

ठोसा बसल्यावर चिडून तत्काळ परतफेड करण्याचा मोह होतो आणि माझ्या मते नवख्यांच्या बहुतेक लढती त्याच क्षणी हातातून निसटतात. अशा वेळी गार्ड, म्हणजे चेहऱ्याच्या बचावासाठी धरलेले हात, वर घ्या, एक पाऊल बाजूला सरका आणि जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, पुन्हा सुरुवात करा. ठोसा खाऊनही सावरता येते, याचे एक उदाहरण पाहा. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत, आईच्या निधनाला महिनाही झालेला नसताना, अमेरिकी मुष्टियोद्धा बस्टर डग्लस तोवर अपराजित असलेल्या जगज्जेत्या माइक टायसनसमोर उभा राहिला. आठव्या फेरीच्या अखेरीस डग्लस खाली कोसळला, पंचांची मोजणी संपण्याआधी उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला नॉकआउट केले.

दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात प्रशिक्षकाची एकच सूचना मनात धरा. मात्र डोक्याला मार लागून गरगरत असेल, तर ते लपवण्याला कणखरपणा समजू नका. लगेच सांगा आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव लढतीला, उतरू नका.