लॅम्प्रेची पिल्ले शोधताना
इंग्लंडमधील ओढ्यांत ब्रूक लॅम्प्रे या सापासारख्या लांबट, जबडा नसलेल्या जलचराची पिल्ले पाहण्याची आपली इच्छा वाचून आनंद झाला. नवखे निरीक्षक हमखास एक चूक करतात : अंडी गोट्यांच्या उथळ, वाहत्या पाण्यात घातली जातात, म्हणून पिल्लेही तिथेच शोधतात. प्रत्यक्षात ती प्रवाहाबरोबर खाली जाऊन संथ काठाच्या मऊ गाळात शिरतात आणि पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खात अनेक वर्षे तिथेच राहतात.

आधी परवानगी घ्या, मग ओंजळभर गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये हलकेच पसरा. वळवळणारे पिल्लू दिसलेच, तर ते ईल या लांबट माशाचे समजू नका. त्याला जबडा नसतो, डोळे कातडीखाली झाकलेले असतात आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात छिद्रे असतात. पाहून झाल्यावर ते त्याच गाळात सोडा. एप्रिल-मेमध्ये गोट्यांवर मात्र पाय ठेवू नका, कारण तिथे घरटी असतात. प्रजाती ओळखण्याची घाई सध्या नको.