सव्वादोन वर्षांची मुलगी नापास होत नाही

मावशी, नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. हे अंबडला कंपनीत आहेत, हातात ४२ हजार येतात. मुलगी नोव्हेंबरात दोन वर्षांची झाली. येत्या जूनच्या नर्सरीसाठी चार खासगी शाळांचे फॉर्म भरले. गंगापूर रोडच्या एका शाळेत जानेवारीत तिला ‘इंटरॅक्शन’ला बोलावलं. बाईंनी प्लॅस्टिकचं सफरचंद दाखवून रंग विचारला, तर ही वर पंख्याकडे बघत बसली. घरी हीच मुलगी गॅसच्या सिलिंडरला हात लावून ‘लाल, लाल’ करते. मला इतका राग आला की पार्किंगमध्ये मी तिच्या पाठीत धपाटा घातला. चार दिवसांनी ‘मूल अजून तयार नाही’ असा मेसेज आला. आता शाळा म्हटलं की ती आपली सँडल पलंगाखाली लपवते.

दुसरी एक शाळा जागा द्यायला तयार आहे, पण ‘बिल्डिंग फंड’ म्हणून ६० हजार रोख मागते, पावती नाही. फी वर्षाला ८५ हजार, बस वेगळी. शनिवारपर्यंत कळवायचंय. हे म्हणतात, पाटल्या गहाण ठेवू. शेजारच्या वहिनी म्हणतात, उत्पन्नाचा दाखला कमी करून आणा आणि आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून, फॉर्म भरा. सासूबाई म्हणतात, घरीच असतेस, एवढंही शिकवता आलं नाही? नणंदेच्या मुलाला मोठ्या शाळेत मिळाली ना जागा. मी आई म्हणून कमी पडले का?
– एक आई, पाथर्डी फाटा

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, तू कमी पडली नाहीस. तो धपाटा मात्र चुकला. हे तुला कळतंय, म्हणून तर तू ते पत्रात लिहिलंस.

आता मुलीचं वय नीट मोजू. नोव्हेंबरात दोन, म्हणजे त्या दिवशी ती सव्वादोन वर्षांची होती. तिने पहिल्यांदाच पाहिलेल्या एका खोलीत, कधी न पाहिलेल्या बाईंनी तिला प्रश्न विचारला. शेजारी आई श्वास रोखून बसलेली. मी पंचवटीत अकरा वर्षं बालवाडी चालवली. माझ्याकडे आलेली निम्मी मुलं पहिले आठ-दहा दिवस एक अक्षर बोलायची नाहीत. एक मुलगा महिनाभर दाराची कडी धरून उभा राहायचा, आणि दिवाळीनंतर तोच सगळ्यात मोठ्याने गाणी म्हणायचा. या वयाचं मूल नव्या जागी आधी बघतं. पंखा फिरत होता, तिने पंखा बघितला. सिलिंडर लाल असतो हे जिने स्वयंपाकघरातून स्वतः शोधून काढलंय, तिला रंग कळत नाहीत असं मी तरी म्हणणार नाही.

शाळेचं म्हणशील, तर मुलांची किंवा पालकांची चाचणी घेऊन प्रवेश देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंद केलंय. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. पण हा २००९ चा कायदा मुळात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि नर्सरीच्या दारात शाळा याच फटीतून निसटतात. परीक्षा म्हणायचं नाही, ‘इंटरॅक्शन’ म्हणायचं. त्यावरून त्या शाळेशी भांडत बस असं मी सांगणार नाही, त्यात तुझं वर्ष जाईल. फक्त तो मेसेज तुझ्या मुलीचं प्रगतिपुस्तक नाही, एवढं धरून चाल.

आता एक गोष्ट मी तुझ्या जागी असते तर आधी केली असती. राज्य सरकारच्या १८ सप्टेंबर २०२० च्या निर्णयाप्रमाणे नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत, पहिलीसाठी सहा. तुझी मुलगी नोव्हेंबरची, म्हणून ती या नियमात कशीबशी बसते. जूनमध्ये वर्गात बसेल तेव्हा ती दोन वर्षं सात महिन्यांची असेल आणि शेजारचं जानेवारीत जन्मलेलं मूल तिच्याहून दहा महिन्यांनी मोठं. पंचविशीत दहा महिने काहीच नसतात. अडीच वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा मात्र तो तिसरा हिस्सा असतो. चप्पल घालणं, डबा उघडणं, शू लागली हे सांगणं, प्रत्येक ठिकाणी ती सगळ्यांत मागे दिसेल आणि घरातली माणसं म्हणतील, बघ, मंदच आहे. ती मंद नसेल, लहान असेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वर्षभर थांबा. पुढच्या जूनमध्ये ती साडेतीन पार केलेली असेल आणि याच शाळांमध्ये ती वेगळीच मुलगी वाटेल. पहिलीत जाईल तेव्हा सहा पूर्ण होऊन वर सात महिने झालेले असतील. हेही ध्यानात ठेव की केंद्रीय विद्यालयात पहिलीला ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात, आणि २०२३ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना पहिलीसाठी सहा पूर्ण हाच नियम ठेवायला सांगितलंय. घाईने पुढे नेलेलं नोव्हेंबरचं मूल उद्या तिथे जायचं म्हटलं तर वयातच अडकतं.

वर्षभर घरी बसवून काय करायचं, असं सासूबाई विचारतीलच. घरी बसवायचं नाही. गल्लीतली अंगणवाडी किंवा इंदिरानगरातली एखादी छोटी बालवाडी बघ, चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशी, रोज दोन-अडीच तासांची. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. या वयाच्या मुलाला शाळा अंगणाइतकी जवळ लागते. तू मात्र पाथर्डी फाट्याहून गंगापूर रोडला पाठवायचा विचार केला होतास. सकाळी सातला बसमध्ये, मुंबई नाक्याची गर्दी, येताना झोपलेलं, कधी ओलं झालेलं मूल. त्या दोन तासांत तिला कोण जवळ घेणार होतं?

बालवाडी बघायला जाशील तेव्हा भिंतीवरचे कार्टून बघू नकोस. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहा. मुलं बाईंचा हात धरून येतात की रांगेत हाताची घडी घालून येतात? रडणाऱ्या मुलाला बाई काय म्हणतात ते ऐक. ‘गप्प बस, नाहीतर आई येणार नाही’ असं ऐकू आलं तर मागे फिर. संडास बघायला माग. भांडं मुलाच्या उंचीचं आहे का, नळाला हात पोचतो का, कपडे बदलायला ताई आहे का. एवढं बघितलंस की बाकीचं पुस्तिकेत छापलेलं वाचायची गरज पडत नाही. पहिले काही दिवस तुझी जुनी ओढणी तिच्या पिशवीत ठेव. माझ्याकडच्या मुलांना त्या वासाचा फार आधार असायचा.

माध्यमाचं तू विचारलेलं नाहीस, पण तो विषय घरात निघणार. तीन-चार वर्षांच्या मुलाने आधी घरच्या भाषेत भरपूर बोलावं. इंग्रजी नंतर येतं, आणि ज्याला मराठीत गोष्ट सांगता येते त्याला बरं येतं.

आता पैसे. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती देत नाहीत कारण पावती दिली तर तो पुरावा होतो. उद्या तुम्ही मुलीला तिथून काढलंत, तर ६० हजार दिल्याचं तुमच्याकडे काहीच नसेल. आणि हिशोब कर, वर्षाची फी ८५ हजार म्हणजे यांचे दोन पगार गेले, त्यावर बस, गणवेश, पुस्तकं, आणि पाटल्यांवरचं व्याज. तेही पुढे चौदा वर्षं शाळा असताना, पहिल्याच पायरीवर. पाटल्या कपाटात राहू देत. त्या तुझ्या आहेत, हे यांना शांतपणे सांग.

वहिनींच्या सल्ल्याने मात्र मला खरंच वाईट वाटलं. आरटीईच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांसाठी ठेवलेल्या आहेत. दुर्बल घटकाला वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. तुम्ही वंचित घटकात मोडत असाल तर खरी कागदपत्रं जोडून अवश्य फॉर्म भरा, तो तुमचा हक्क आहे. नसाल, तर खोट्या दाखल्यावर तुमची मुलगी आत जाईल तेव्हा तुमच्याच सोसायटीच्या वॉचमनची मुलगी सोडतीत बाहेर राहील. पकडले गेलात तर प्रवेश रद्द होतो आणि पोलिसांत तक्रारही होऊ शकते. ते कशाला जिवाला लावून घेतेस?

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना मुलीचं वय महिन्यांत सांग, बोटांवर मोजून, यांच्यासमोर. नणंदेच्या मुलाचा जन्म कुठल्या महिन्याचा आहे तेही सहज विचार. पण यांनीही एक काम करायला हवं. ‘तू घरीच असतेस’ हे वाक्य घरात निघालं की तिथेच थांबवायचं, आणि ते त्यांनीच थांबवायचं. तू बोललीस तर ते सुनेचं उलट उत्तर होतं.

शनिवारची वाट बघू नकोस. उद्याच त्या शाळेला फोन कर आणि एवढंच म्हण, ‘आम्ही यंदा प्रवेश घेत नाही.’ कारण विचारलं तर मुलगी लहान आहे म्हण, ते खरंच आहे.

आणि मग तिच्याजवळ जाऊन खाली बस. तिला म्हण, ‘त्या दिवशी मी तुला मारलं, ते माझं चुकलं.’ तिला सगळे शब्द कळणार नाहीत, आवाज कळेल. शाळेचं नाव काही दिवस घरात काढू नका. संध्याकाळी बागेत जायला निघताना सँडल शोधायची ती पलंगाखाली वाकली, तर तिला वाकू दे. तूही तिच्याबरोबर खाली वाक.